माझ्याकडची प्रत

मिरजेत डॉ. मगदूम मॅडमनी
रिपोर्टच्या कोऱ्या पाठीवर एक कात्री काढली.
म्हणजे मला ती कात्री वाटली:
दोन पाळी, मध्ये लवचीक बिजागरी.
त्या म्हणाल्या, हे एन्झाइम. लायगेज.
मज्जापेशीत याचं काम एवढंच,
कोणत्या प्रथिनाचे दिवस भरले ते ओळखायचं
आणि त्याला खूण लावायची.

खूण म्हणजे युबिक्विटिन, शहात्तर मण्यांचं.
मणी म्हटल्यावर मला घडच दिसला.
एकाला दुसरं, दुसऱ्याला तिसरं,
चारेक जोडली गेली की पेशीतलं यंत्र
ते प्रथिन आत ओढून त्याचा भुगा करतं,
खुणा तेवढ्या सोडवून बाजूला ठेवतं,
परत वापरायला.

मी विचारलं, लावायच्या आधी खूण धरतं कशानं?
वैजयंतानं माझ्याकडं बघितलं, ही काय विचारायची वेळ.
मॅडम म्हणाल्या, गंधकाच्या एका अणूवर.
क्षणभर. मग पुढं देतं.

गंधक मला ठाऊक आहे.
भुरीच्या दिवसांत मणेराजुरीच्या बागांतून
सकाळी सकाळी उडतो, डोळे चुरचुरतात,
चार धुण्यांनंतरही सदऱ्याला वास राहतो.
तो एवढ्या आतही कामाला असतो
हे कुणी सांगितलं नव्हतं.

कस्तुरी तोवर टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीशी हसत होती.
ती पाण्याशी हसते.
नळाशी, ड्रिपच्या गळक्या थेंबाशी,
शेततळ्यात हलणाऱ्या उन्हाशी.
सहा वर्षांची आहे.
हात उडवत, पाय फाकवून चालते.
शब्द एकही नाही.

मग पंधरावी जोडी काढली. दोन काड्या.
आईकडच्या काडीचा एक तुकडा गळालाय.
यात कुणाचीच चूक नाही, असं मॅडम तीनदा म्हणाल्या,
तिन्ही वेळा वैजयंताकडं बघून.
आणि माझ्याकडची?
शाबूत आहे. अक्षर न् अक्षर.
कातडीत, यकृतात ती बोलतेसुद्धा.
मज्जापेशीत मात्र बापाची प्रत गप्प बसते,
सगळ्याच माणसांत.
तुमच्या डोक्यातही तुमच्या वडलांची गप्पच आहे.

आमचे वडील तसेही बोलायचे नाहीत.

एके साली वरच्या तुकड्याची
ऑक्टोबरची छाटणी राहून गेली होती.
मांडवभर पाला, हिरवागार.
येणारा-जाणारा थांबून म्हणायचा, काय बाग आहे!
घड एकही नव्हता.
जतहून टोळी घेऊन येणारा सिदाप्पा म्हणाला,
"काढायचं ऱ्हायलं मालक, मग यायचं कुठनं येतंय?"
आता कस्तुरीला बघून लोक म्हणतात,
किती हसरी पोर.
मी हो म्हणतो.

घरी आई सगळं ऐकून म्हणाली,
म्हंजे तिच्याकडनंच आलं की.
चुलीपाशी वैजयंताचा हात परातीतच थांबला.
मी एरवी गप्प बसतो.
त्या रात्री बसलो नाही.
काय बोललो ते नीट आठवत नाही,
काडी, गंधक, पंधरावी जोडी, सगळी सरमिसळ झाली असणार.
एवढं आठवतं, की शेवटी मी म्हणालो,
माझ्याकडं होतं, तेच पोरीच्या कामाला आलं नाही.
परात परत वाजू लागली.

जगात कुठं कुठं त्या झोपलेल्या प्रतीला
जागं करायचे प्रयोग चाललेत, मॅडम म्हणाल्या होत्या.
वाट बघत बसू नका.
सोडूनही देऊ नका.

आज छाटणीचा तिसरा दिवस.
गाठीच्या पुढं दोन डोळे सोडून काप,
मग कात्री बादलीत, मग पुढची काडी.
कस्तुरी बादलीपाशी बसलीय.
कात्री बुडाली की पाणी हलतं,
पाणी हललं की ती अख्ख्या अंगानं हसते.
पाणी, मी म्हणतो.
पुढच्या वेलीलाही म्हणतो, पाणी.
सिदाप्पा टोळीला खुणेनंच सांगतो, हळू चला.
बाराशे वेली आहेत.